रेहानाच्या होडीची थंडी

रेहाना,

तुझं दफन झालं त्याच आठवड्यात तुझी होडी कापायचं ठरलं.

मी तेव्हा तुमच्याच स्वयंपाकघरात होते. भेटायला आलेल्या बायकांसाठी चहा गाळत होते. पुरुष बाहेरच्या खोलीत बसले होते. तिथून सलीमभाईंचा आवाज आला. तोडक्या अरबीत ते कोणाला तरी सांगत होते, "घेऊन जा. माझी हरकत नाही." काय घेऊन जायचं ते पुढच्या बोलण्यातून कळलं. कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, कॅफे उघडणारा एक तरुण सौदी आला होता आणि त्याला सजावटीसाठी जुनी लाकडी होडी हवी होती. ती मधोमध कापायची, पुढचा अर्धा भाग भिंतीला टेकवून उभा करायचा, आत फळ्या ठोकायच्या आणि त्यांवर खजुराचे डबे आणि कप मांडायचे, असा त्याचा बेत होता. मागच्या अर्ध्या भागाचं काय, असं सलीमभाईंनी विचारलं. त्याची गरज नाही, असं तो म्हणाला.

मी गाळणी ओट्यावर ठेवली आणि पडद्यापाशी गेले.

"सलीमभाई, जरा आत या."

ते आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. "काय वैनी?"

"होडी थंडीसाठी वर घ्यायची वेळ झाली. आणि तुम्ही कापायला देताय?"

"कोण बघणार आता तिच्याकडं? मला त्यातलं काय येतं? सुहेलपण फोनवर तेच म्हणाला. पप्पा, लेट इट गो."

"तुमचा मुलगा टोरांटोत आहे. त्याला काय दिसतंय इथलं?"

"आणि मी खोबरमध्ये हाय, वैनी. मला रोज दिसणार ती." मग म्हणाले, "अबू नासिरना पण विचारलं. तुझी होडी, तू ठरव, म्हणाले."

कागदोपत्री होडी अबू नासिर यांची. ते सलीमभाईंचे जुने कफील, त्यांच्या व्हिसाचे इथले जामीनदार. त्यांनी ती कधी वापरली नाही आणि पुष्कळ वर्षांपूर्वी, धक्क्यावर कुजायला लागलेली असताना, तुमच्या हवाली केली. म्हणजे आता निर्णय एकट्या सलीमभाईंचा होता आणि तो त्यांनी घेतला होता. शुक्रवारच्या नमाजानंतर टेम्पो येणार होता.

या होडीची बाजू घेऊन मी भांडले, हे ऐकून तू पोट धरून हसली असतीस. दर नोव्हेंबरात मीच तुला सांगायचे की विकून टाक. दोन महिने वापरता आणि दहा महिने सेवा करता. तिच्यापायी तुझे हात सोलतात, माझी गाडी घाण होते, आणि शेवटी आहे काय, तर चार माणसं बसली की डुलणारी एक अरुंद, लांबट, जुनी होडी. मी हे सगळं आजही म्हणेन. पण मी विक म्हणत होते. विकलेली होडी दुसऱ्या कोणाची तरी होडी असते. कापलेली होडी म्हणजे कपाट.

आत बायका तुझ्याबद्दल बोलत होत्या. किती शांत, किती सोशिक, कधी आवाज चढला नाही हो तिचा. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते आणि ऐकत होते. वर्तमानपत्रात असताना निधनाच्या बातम्यांमधून 'मनमिळाऊ स्वभावाचे' हे शब्द मी रोज काढून टाकायचे, कारण ते कोणालाही लागू पडतात. तुझ्या बाबतीत ते खोटेही आहेत. तू मनमिळाऊ नव्हतीस. तू सोशिक तर नव्हतीसच.

धक्क्याच्या फाटकावरचा तो नवा पहारेकरी आठवतो? बायकांना गाडी चालवायची परवानगी आली त्या वर्षीची थंडी. तू नवा परवाना घेऊन स्वतः गाडी चालवत गेली होतीस, मी शेजारी बसले होते, आणि डिकीत होडीला लावायच्या माशाच्या तेलाचे डबे होते. तो खिडकीशी येऊन म्हणाला, "मदाम, मम्नूअ." मनाई आहे, आत बायकांचं काम नाही. तू काच पूर्ण खाली केलीस.

"मम्नूअ कुठं लिहिलंय? कागद आण."

कागद नाही, असं तो म्हणाला.

"मग तोंडी मम्नूअ माझ्याकडं पण हाय. तू माझ्या होडीजवळ यायचं नाय. मम्नूअ."

निम्मं अरबीत, निम्मं हिंदीत आणि शेवटचं मराठीत. मागे तीन पिकअप हॉर्न वाजवत होते. त्यानं फाटक उघडलं. पुढच्या वर्षी तोच माणूस डबे उतरवायला पुढे आला आणि तू त्याला मराठीतून दटावत होतीस, "सांभाळ रे, सांडशील अंगावर, मग बायको घरात घेणार नाय." त्याला एक शब्द कळत नव्हता. डबा मात्र तो सांभाळून उतरवायचा.

ही तू. सोशिक रेहाना कोण होती मला माहीत नाही. तिच्यासाठी ज्यांना रडायचं त्यांनी रडावं.

कबरस्तानात बायका गेल्या नाहीत. पुरुष गेले, आम्ही घरी बसलो. त्याबद्दल माझं कोणाशी भांडण नाही. तुमच्यात तशी रीत आहे आणि तूही ती पाळायचीस. पण त्यामुळे मला जायला एकच जागा उरली. ट्रे धुऊन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर गेले.

धक्क्यावर तुला सगळे ओळखतात ते त्या पहिल्या जूनमुळे. होडी तुमच्याकडे आली त्याच वर्षाची गोष्ट. तू रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तांडेलाच्या घरात वाढलेली. मे संपत आला की होड्या पाण्याबाहेर ओढायच्या, तेल पाजायचं, वर नारळाचे झाप घालून घट्ट बांधायच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे जायचं नाही, हे तू चालायला शिकलीस तेव्हापासून बघत आलेली. खोबरमध्ये तुझा संसार मुरला होता, इथं जूनमध्ये पाऊस पडत नाही हे तुला मुलाच्या शाळेच्या वेळेइतकं पक्कं ठाऊक होतं. पण याआधी तुझ्याकडे होडी नव्हती. होडी आली आणि मे महिन्यात तुझे हात आपोआप कामाला लागले.

कासिमभाई तेव्हाही तिथेच होते. मांडवीचे कच्छी सुतार, धक्क्यावरच्या सगळ्या लाकडी होड्या त्यांच्याच हाताखालून जातात. त्यांनी विचारलं, "बहन, अभी क्यों ऊपर ले रही हो?"

"बारिश से पहले लेना पड़ता है," तू म्हणालीस.

त्यांनी आभाळाकडे बघितलं. "किधर से आएगी?"

तू होडी वर घेतलीस आणि गावाकडच्यासारखी झाकून टाकलीस. मग जूनचा तो कोरडा उत्तरेचा वारा सुटला. महिन्याभरात लाकूड इतकं सुकलं की फळ्या एकमेकींपासून सुटल्या. आत बसलं की बाहेर उभ्या माणसाच्या चपला दिसायच्या. सगळा धक्का बघायला आला. पोरांनी तुझं नाव 'मान्सून मदाम' ठेवलं. तू कमरेवर हात ठेवून उभी होतीस आणि म्हणालीस, "बरं झालं. बंद होत्या तेव्हा फटी दिसत नव्हत्या. आता मोजून घ्या सगळ्या."

चूक झाली, हे तू त्या दिवशीही बोलली नाहीस आणि नंतरही नाही. मला फोन केलास. "पेपरवाले, बादली हाय घरात? घेऊन ये."

मी इथं येऊन थोडेच महिने झाले होते. नवऱ्याची नोकरी इथली, माझी तिकडे राहिली. माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, 'काम करण्यास परवानगी नाही' असं छापलं होतं आणि मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत घरात बसून होते. तुझी माझी ओळख लिफ्टमधली. बादली कशाला, असं मी विचारलं. होडीला पाणी पाजायचंय, असं तू म्हणालीस. तुला वेड लागलंय की मला, ते बघायला मी आले.

त्या उन्हाळ्यात आपण गोणपाटं भिजवून होडीच्या आत अंथरायचो. ती सुकली की पुन्हा भिजवायचो. सकाळी एकदा, सूर्य मावळल्यावर एकदा. मी तुला इकाम्यावरची ती ओळ सांगितली, तर म्हणालीस, "लिहू दे की. बादली उचलायला काय परवानगी लागते काय?" हळूहळू फळ्या फुगल्या, एकमेकींना भिडल्या. कासिमभाईंनी उरलेल्या फटींत कापूस ठोकला. मग होडी पाण्यात गेली, थोडं पाणी आत आलं, आणि थांबलं.

तेव्हापासून आपल्या होडीचं वर्ष गावाच्या उलट झालं. उन्हाळ्यात पाण्यात, थंडीत वर. इथल्या थंडीत हवा ओलसर असते, ऊन मवाळ असतं आणि शमाल, म्हणजे तो उत्तरेचा वारा, सुटला की तसंही पाण्यात जायची सोय नसते.

त्या बादलीनं मला घराबाहेर काढलं, रेहाना. ती आली नसती तर त्या वर्षी मी एकटी परत गेले असते. बॅगही बघून ठेवली होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' म्हणाली असतीस म्हणून.

तर मी धक्क्यावर गेले. कासिमभाई आपल्या शेडमध्ये करवतीला तेल देत होते.

"आओ बहन. अल्लाह उनको जन्नत दे." मग लगेच म्हणाले, "सलीमभाई का फोन आया था. शुक्र को काटना है."

"बोट के नीचे शंख लगे हैं, देखा?"

"देखा."

"उस पर करवत चलेगी?"

"दाँत टूट जाएँगे."

"तो पहले घिसना पड़ेगा."

"पड़ेगा."

"उसके लिए ऊपर लेनी पड़ेगी."

"लेनी पड़ेगी." त्यांनी तेलाचं फडकं बाजूला ठेवलं. "बहन, तुम्हारे मन में क्या है?"

"सफाई."

"बस?"

"आज बस."

कापायची झाली तरी साफ करावी लागणार आणि थंडीसाठी ठेवायची झाली तरी साफ करावी लागणार. दोन्हींकडे जाणाऱ्या रस्त्याचा पहिला टप्पा एकच होता. सलीमभाईंना मी फोन करून तेवढंच सांगितलं. "करा वैनी, तुम्हाला बरं वाटेल तर," म्हणाले. मला बरं वाटायला काही करायचं नव्हतं. मी दुरुस्तही केलं नाही.

पिकअपला दोर बांधून होडी उतारावरून वर आली. मी तळाखाली बसले. उन्हाळाभर पाण्यात राहिलेल्या होडीचा तळ किती घाण असतो ते मी पुन्हा सांगायला नको. शेवाळ, खाली शिंपल्यांचा खडबडीत थर, आणि खारट कुजका वास. पत्र्याची खरवडणी हातात घेतली आणि पहिल्याच फटक्याला माझं बोट कापलं. तुझा आवाज ऐकू आला वगैरे काही झालं नाही. आठवलं एवढंच: "जोर लावू नको गो, कोन लाव. बातम्या खरवडायचीस ना? तशीच खरवड." तू मला हे काम शिकवलंस त्या वेळी मी रडकुंडीला आले होते आणि तू माझ्या अंगावर गोड्या पाण्याचा पाइप सोडला होतास.

मी कोन लावला. थर पडायला लागला.

मी रागावले होते. अजून आहे. उन्हाळ्यात जिना चढताना तुला दम लागायला लागला. मी म्हटलं, दाखवून ये. तू म्हणालीस, "होडी वर घेतली की जाते." मी म्हटलं, आधी डॉक्टर, मग होडी. तू म्हणालीस, "डॉक्टर काय शमालमध्ये उडून जाणार हाय? होडी जाईल." आपण दोघी हसलो. यावर मला पुढे बोलायचं होतं आणि तू विषय बदललास, तळाला यंदा हिरवा रंग लावायचा की लाल ते काढलंस. तू क्रम चुकवलास, रेहाना. लोक म्हणतात वेळ आली होती. मी तसं म्हणणार नाही. तू डॉक्टरकडे जायला हवं होतंस, आणि हे मी तुला माफ केलेलं नाही.

तळ साफ झाला, गोड्या पाण्यानं धुतला. तिथे थांबायला हवं होतं. सफाईच ठरली होती. पण तळापासून तिसऱ्या फळीच्या कडेला कापूस सुटलेला दिसला. दरवर्षी तिथेच सुटतो. मी शेडमध्ये जाऊन कापूस आणि लाकडी हातोडा मागितला.

"कटने वाली बोट में कपास?" कासिमभाईंनी विचारलं.

"हाँ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हातोडा दिला. थोड्या वेळानं स्वतःच आले, माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "ऐसे ठोकोगी तो लकड़ी फटेगी. हटो." मग आम्ही दोघांनी फट भरली. इंजिन उतरवलं, गोड्या पाण्यात चालवून आतलं मीठ काढलं, टाकी रिकामी केली. गुरुवारी मी माशाचं तेल आणलं. डबा नेहमीसारखा डिकीत कलंडला. उरलेलं तेल होडीला बाहेरून लावून घेतलं. घरी पोचले तर आमचे हे दार उघडून म्हणाले, "मला वाटलं होतं यंदा तरी या वासातून सुटलो." बोलून गेले आणि जीभ चावली. मग आत जाऊन त्यांनी बाल्कनीचं दार उघडून ठेवलं, दरवर्षी ठेवतात तसं.

शुक्रवारी टेम्पो आला. सलीमभाई त्याच्याबरोबर आले होते पण टेम्पोपाशीच उभे राहिले. कॅफेवाला पुढे आला. पांढरा पायघोळ थोब, हातात कडक करक चहाची पेली. त्यानं होडी बघितली आणि पेली जमिनीवर ठेवली.

"माशाल्लाह," तो म्हणाला. "जमील!"

धुतलेला तळ, बुजलेल्या फटी, तेल पिऊन काळसर लाल झालेलं सागवान. त्याला वाटलं होतं मोडकी होडी मिळेल, आणि हातात ही आली. हिला रंगही लावायला नको, असं तो सलीमभाईंना मोठ्यानं सांगत होता. ते ऐकताना मला कळलं की आठवडाभर मी त्याचंच काम करून ठेवलंय. आता तर तो ही होडी सोडणारच नव्हता.

त्यानं कासिमभाईंकडून खडू मागून घेतला आणि होडीच्या बरोबर मध्यावर, एका काठापासून तळापर्यंत सरळ रेघ ओढली. रेघ मधल्या आडव्या फळीवरून गेली. शुक्रवारी संध्याकाळी सलीमभाई तिथे बसायचे, समुद्राकडे पाठ करून, तुझ्याकडे तोंड करून, कारण इंजिनाचा दांडा धरून तू मागे बसायचीस आणि तुला कुठे जायचं ते सांगायला कोणीतरी समोर लागायचं. प्रत्यक्षात ते काही सांगत नसत. शेंगदाणे खात असत.

सलीमभाई टेम्पोपासून चालत आले. त्यांनी रेघ बघितली.

"पीछे वाला किधर जाएगा?" त्यांनी कासिमभाईंना विचारलं.

"कचरे में, भाई. या चूल्हे में."

सलीमभाई खाली वाकले आणि शर्टाच्या बाहीनं रेघ पुसायला लागले. ताज्या तेलावर खडू नीट पुसला जात नव्हता, नुसता फराटा उठत होता. कॅफेवाल्याला वाटलं रेघ चुकलीय. "इधर?" असं म्हणत त्यानं खडू हातभर पुढे सरकवला आणि दुसरी रेघ ओढायला लागला. सलीमभाईंनी तीही पुसली.

"ला," ते म्हणाले. "खलास. होडी द्यायची नाही."

शेवटचं वाक्य मराठीतच होतं. पण त्याला समजलं. त्यानं थोडी घासाघीस केली, अबू नासिरना फोन लावू का असं विचारलं, सलीमभाईंनी नकारार्थी मान हलवली. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या तेलकट हातांकडे बघितलं, आणि होडी कोणाची ते हळू आवाजात कासिमभाईंना विचारलं. उत्तर ऐकून "अल्लाह यरहमहा" म्हणाला, अल्लाह तिच्यावर दया करो. तो काही वाईट मुलगा नाही. पेली उचलून टेम्पोवाल्याला "यल्ला" म्हणत निघून गेला.

सलीमभाई तिथेच रेतीत बसले. बाही काळी झाली होती.

"पण वैनी, मला यातलं खरंच काय येत नाय. तिनं हात लावू दिला नाय कधी. मी आपला शेंगदाणे..."

"मलाही येत नव्हतं. तिनं शिव्या घालून शिकवलं."

"तुम्ही घालणार काय शिव्या?"

"लागल्या तर."

ते हसले. तू गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं आणि लगेच त्यांच्या हातात फडकं दिलं, कारण आतल्या बाजूला तेल लावायचं राहिलं होतं आणि मला रडणं परवडणारं नव्हतं. त्यांनी एवढं तेल ओतलं की कासिमभाई ओरडले, "भाई, बोट है, पकोड़ा नहीं!"

सगळं झाल्यावर राहिली ताडपत्री.

तिच्यावरून आपलं दरवर्षी वाजायचं. तू होडी दोन्ही टोकांना पाकिटासारखी बंद करायचीस, गावाकडे पावसासाठी बांधतात तशी. मी म्हणायचे, टोकं उघडी ठेव, हवा खेळू दे. तू म्हणायचीस, वारा आत शिरला तर ताडपत्री घेऊन दुबईला जाईल. मी म्हणायचे, दोर तळाखालून घे, नाही जाणार, आणि ही रत्नागिरी नाही. तू म्हणायचीस, "रत्नागिरी नाय ते मला जूनमध्ये कळलं. गप बस आणि गाठ धर." होडी तुझी, म्हणून दरवर्षी तूच जिंकायचीस. पण गेल्या मार्चमध्ये आपण होडी उघडली तेव्हा आतल्या फळ्यांवर काळी बुरशी होती. मी गाडीतून उतरायच्या आत तू ती फडक्यानं पुसत होतीस. मी बघितलं होतं. तू इतक्या घाईनं पुसत होतीस की मी बोलले नाही.

"बंद करूया," सलीमभाई म्हणाले. "तिच्यासारखं."

"भाभी बंद ही करवाती थीं," कासिमभाईंनीही सांगितलं.

"उघडी ठेवायची," मी म्हटलं. "दोर तळाखालून घ्या."

"वैनी, तिला आवडलं नसतं."

"नसतंच आवडलं."

दोघं माझ्याकडे बघत उभे राहिले. मी होडीच्या पुढच्या टोकाशी गेले आणि दोर टाकला. पलीकडून तो कोणी धरतोय का, याची वाट बघत राहिले. शेवटी सलीमभाईंनी धरला.

मेलीस म्हणून तुझं बरोबर ठरत नाही, रेहाना. बाकीच्यांनी तुला आत्ताच इतकी चांगली करून ठेवलंय की तुझ्याशी कोणी भांडणारच नाही. मी भांडणार. ओलावा आत कोंडला की लाकूड कुजतं. ते रत्नागिरीतही कुजतं. तुझ्या वडिलांच्या होड्याही कुजल्या असतील, तांडेल मुलीला सांगतो थोडंच.

काल पहिला शमाल आला. दुपारपासून खिडक्या वाजत होत्या. संध्याकाळी सलीमभाईंचा धक्क्यावरून फोन आला. वाऱ्यात त्यांचं बोलणं तुटत होतं.

"वैनी, फडफडतेय लई. पण हाय जागेवर."

"राहील."

"आपण तिचं ऐकायला हवं होतं काय?"

"नाही," मी म्हटलं. तुलाही तेच सांगते. नाही.